पाच हातांत एक हात

सेनगावाच्या वरच्या अंगाला खैरवाडी नावाचे शंभर उंबऱ्यांचे गाव होते. त्या गावात सटवाजी नावाचा एक कुणबी राहत असे. त्याची जमीन पाच एकर, तीही कोरडवाहू. शेतकरी म्हणून त्याचे नाव कोणी घेत नसे. त्याचे नाव होते ते धावेसाठी. विहिरीवर मोट चालते तेव्हा बैल नाडा ओढीत ज्या उतरत्या वाटेने खाली जातात, आणि मोट रिकामी झाली की ज्या वाटेने पाठमोरे सरत वर येतात, त्या वाटेला धाव म्हणतात. विहीर कोणीही खणील. धाव मात्र ज्याला बैल कळतो त्यानेच बांधावी, असे जुने लोक सांगत.

सटवाजीचा नियम त्याच्या बापाकडून आलेला होता: पाच हातांत एक हात. धावेवर पाच हात दोरी निजवायची. तिच्या वरच्या टोकापासून दुसरी दोरी पाणसळीने अगदी सपाट धरायची. मग त्या सपाट दोरीवरून खालच्या टोकावर ओळंबा सोडायचा. ओळंबा एक हात भरला की धाव खरी. कोणी म्हणे, खालची लांबी सपाट जमिनीवर मोजावी. त्यावर सटवाजी म्हणे, "बैल काय हवेत चालतो का? त्याचा खूर जिथं पडतो तीच लांबी खरी."

त्याने एकूण तेवीस धावा बांधल्या होत्या. त्यांतल्या एकीवरही बैल घसरला नव्हता. त्यामुळे खैरवाडीत एक रीत पडली होती. पोळ्याच्या दिवशी मारुतीपुढून निघालेले बैल पाटलाच्या दारी जाण्याच्या आधी सटवाजीच्या दारी येत. त्याची बायको द्वारकाबाई त्यांना ओवाळी, पुरणाचा घास देई, आणि मगच बैल पुढे जात. त्या घरात दुसरी श्रीमंती नव्हती. एवढी एकच होती, आणि ती पुरेशी होती.

एकोणीसशे त्रेचाळीस सालच्या आरंभी सरकारी खात्याने खैरवाडीला एक मोठी विहीर मंजूर केली. काम पाहण्यासाठी एक ओव्हरसियर साहेब आला. त्याच्याजवळ तिपाईवर ठेवायचे कोन मोजण्याचे यंत्र होते, आणि कोटाच्या खिशात कोष्टकांचे एक पातळ पुस्तक होते. गावचे पाटील उत्तमराव यांनी सटवाजीला बोलावून पुढे केले.

साहेबाने विचारले, "क्यों मिस्त्री, तुम लोग धाव का ढलान कितने डिग्री रखते?"

"साहेब, पाच हातांत एक हात."

"हात-बीत नको. डिग्री बोल. कागज पे हात नहीं चलता."

"डिग्री म्हंजे काय, साहेब?"

यावर साहेबाबरोबरचे लोक हसले. उत्तमराव पाटीलही थोडे हसले, आणि ही गोष्ट सटवाजी पुढे कधी विसरला नाही. साहेब म्हणाला, "सपाट जमीन, जीरो. सीधा कुएँ में गिरा, तो नब्बे. अब बोल."

सटवाजीने मान खाली घालून हिशोब केला. पाच हात दोरीत पाच हात उतार म्हणजे सरळ आडात, ते नव्वद. मग पाच हातांत एक हात म्हणजे नव्वदाचा पाचवा वाटा. पाच अठरे नव्वद.

"अठरा, साहेब."

"देखो! हिसाब आता इसको!" असे म्हणून साहेबाने कागदावर अठरा लिहिले आणि खाली सटवाजीचा अंगठा घेतला.

तो हिशोब सरळ होता, सोपा होता आणि साफ चूक होता. ज्याने आयुष्यात सगळे वाटे दोरीने आणि मापाने केले, तो माणूस कोनाचेही तसेच वाटे करणार. सटवाजीचा अपराध एवढाच की, जे ठाऊक नाही त्याचे उत्तर त्याने चारचौघांत हसे झाल्यामुळे देऊन टाकले. परंतु साहेबाला तर ठाऊक होते. त्याच्या खिशात पुस्तक होते. बोलणे चालू असताना त्याने ते पुस्तक बाहेरही काढले होते, पण ते तोंडावरच्या माश्या हाकण्यासाठी. एक पान उलटले असते तर पुढचे काहीच झाले नसते.

धाव खणायला बाहेरगावचे मजूर आले आणि त्यांनी यंत्र लावून अठरा अंशांची धाव काढली. आठ दिवसांनी सटवाजी दोरी घेऊन तेथे गेला. त्याने पाच हात दोरी निजवली आणि ओळंबा सोडला. ओळंबा एक हातावर थांबला नाही. तो दीड हाताच्याही खाली गेला.

तो तसाच साहेबाच्या राहुटीकडे पळत गेला. "साहेब, धाव खडी झाली. बैल पाठमोरा चढायचा न्हाई."

"अठारा किसने बोला?"

"मीच बोललो. पण त्याच्या आधी पाच हातांत एक हात, हेबी मीच बोललो व्हतो. दोनीतलं एक खोटं दिसून राहिलं, साहेब. तपासा की."

"यंत्र झूठ बोलता क्या?"

यंत्र खोटे बोलत नव्हते. अठरा सांगितले होते, अठराच खणले होते. परंतु दोन गोष्टी जुळत नाहीत असे एक माणूस हात जोडून सांगत असताना साहेबाने त्या जुळवून पाहण्याची तसदी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी राहुटी हलली.

विहिरीवर पहिली मोट चालवण्याचे काम भीमसिंगला मिळाले. भीमसिंग जवळच्या तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखोमुलूख हिंडलेले, त्यामुळे बैल ही त्याच्या घरची दौलत नव्हती, घरचे माणूस होते. पाखऱ्या आणि हरण्या ही त्याची जोडी पंचक्रोशीत नावाजलेली होती. सटवाजीने त्याला आडवे होऊन सांगितले, "भिमा, चार रोज थांब. ही धाव बराबर न्हाई."

भीमसिंग हसला. "दादा, कागदावर अंगठा तुझाच हाये म्हणं. तुझ्या धावेवर माझे बैल आजवर कवा घसरले का?"

तिसऱ्या दिवशी, सांडलेल्या पाण्याने धाव ओली झालेली असताना, पाठमोरा वर सरताना पाखऱ्याचे मागचे पाय निसटले. तो गुडघ्यांवर आला आणि धावेच्या तळापर्यंत घसरत गेला. त्याचा पुढचा पाय मोडला. हरण्या जुवाबरोबर ओढला गेला, पण वाचला. पाखऱ्या दोन दिवस उठला नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला.

उत्तमराव पाटलांनी वर अर्ज केला. दीड महिन्याने जबाब आला. त्याचा अर्थ असा होता की, सदर धावेचा कोन स्थानिक मिस्त्री सटवाजी वल्द रामकिशन याने सांगितल्याप्रमाणे राखलेला असून त्याचा अंगठा कागदावर आहे. सबब खात्याची कसूर नाही. पाटलांनी चावडीपुढे तो जबाब वाचून दाखवला. पाच हातांत एक हात हे शब्द त्या कागदावर कोठेच नव्हते. सटवाजीने आधी जे खरे सांगितले ते लिहिण्याजोगे नव्हते, आणि नंतर जे चुकून सांगितले तेवढे मात्र लिहिण्याजोगे ठरले!

भीमसिंग उठून त्याच्यासमोर आला. "तू थांब म्हणला व्हतास, म्या आइकलं न्हाई, ते खरं. पण अठरा काहून बोललास? ठाऊक न्हाई म्हणायला तोंड झिजत व्हतं का तुझं?"



त्या वर्षीच्या पोळ्याला द्वारकाबाई ताट घेऊन दारात उभी राहिली. हलगी वाजत आली. बैल गल्लीच्या तोंडाशी आले आणि हाकणाऱ्यांनी ते दुसऱ्या गल्लीने वळवून नेले. कोणी वाईट शब्द बोलले नाही. कोणी दाराकडे पाहिलेही नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "अवो, हात भरून आले माझे. ताट ठिवू का?"

"ठीव."

"पुरण गार झालं."

"ठीव म्हणलं ना!" सटवाजी ओरडला. लग्नाला चोवीस वर्षे झाली होती. तो तिच्यावर असा कधी ओरडला नव्हता.

पुढच्या बाजारच्या दिवशी तो तीन कोस चालून सेनगावला गेला. तेथे हरिचंद गुरुजी नावाचे शिक्षक मराठीतून शिकवणारा खासगी वर्ग चालवीत असत. सटवाजीने पागोटे काढून खाली ठेवले आणि म्हणाला, "गुरुजी, नव्वदाचा पाचवा वाटा अठरा. मग माझं काय चुकलं, तेवढं सांगा. त्याच्यापायी एक बैल मेला हाये."

गुरुजींनी सगळी हकीकत ऐकून घेतली. "लिहिता येतं?"

"न्हाई."

"मग आधी आकडे. सांगून मी आत्ता सांगीन. पण माझ्या सांगण्यावर तुम्ही मान हलवाल, आणि साहेबाच्या सांगण्यावरही तुम्ही मानच हलवली होती."

हे बोलणे सटवाजीला झोंबले, पण पटले. तो दर बाजारी जाऊ लागला. पंचेचाळीसाव्या वर्षी त्याने धुळाक्षरे गिरवली. नांगराने घट्टे पडलेल्या बोटांत पेन्सील राहत नसे, ती मोडे. गावात लोक म्हणत, "सटवाजी आता मुन्शी व्हनार!" तो मान खाली घालून जाई. आकडे झाले, अक्षरे झाली, स्वतःचे नाव झाले, अपूर्णांक झाले. गुरुजींनी मग कोन शिकवला, आणि पुढे ज्या शिकवली: उतरत्या दोरीची पूर्ण लांबी एक धरली, तर तिचा उतार म्हणजे ज्या.

"कोन दिला आणि उतार विचारला, तर तो सुलटा प्रश्न," गुरुजी म्हणाले. "उतार दिला आणि कोन विचारला, तर तो उलटा प्रश्न. तुमचा प्रश्न उलटा होता. ज्या एक पंचमांश, तर कोन किती? हे बघा, कोष्टकात दिलेलं आहे."

सटवाजीने पुस्तकावर हात आडवा ठेवला. "गुरुजी, कोष्टकात हाये म्हणून मी मानलं, तर साहेब म्हणला म्हणून मानलं त्यात अन् ह्यात फरक काय? मला दोरीनं दाखवा."

गुरुजी क्षणभर रागावल्यासारखे दिसले. मग त्यांनी पुस्तक मिटले. "तुमचं खळं रिकामं कधी होतं?"

फाल्गुनात जोंधळ्याची मळणी आटोपल्यावर गुरुजी खैरवाडीला आले. खळ्याच्या मधोमध मळणीचे बैल बांधायची मेढ होती. तिला दहा हातांची दोरी बांधून सटवाजीने राखेने पाव वर्तुळ ओढले. मेढीपासून एक सरळ रेघ ओढली. ती सपाट जमीन, शून्य अंश. तिच्या काटकोनात दुसरी, ती नव्वद. मधल्या कमानीचे त्याने नव्वद सारखे भाग केले आणि प्रत्येक भागावर जोंधळ्याचे धाट रोवले. एका भागाला जेमतेम सव्वाचार बोटे येत होती. त्या कामात त्याचा सगळा सकाळचा वेळ गेला, कारण त्याने दोन वेळा सगळी धाटे उपटून पुन्हा रोवली.

"आधी सोपं," गुरुजी म्हणाले. "दहा हातांत पाच हात. कितव्या धाटाला येईल?"

"निम्म्या उंचीला निम्मा कोन. पंचेचाळीस."

"मोजा."

सटवाजीने शून्याच्या रेघेपासून पाच हात दूर, तीच उंची धरून, तिला समांतर दुसरी दोरी ताणली. ती कमानीला तिसाव्या धाटापाशी मिळाली. त्याने दोरी पुन्हा ताणली. पुन्हा तीस. तिसऱ्यांदाही तीस. तो खाली बसला.

"असं काहून?"

"कमानीवरून चालून बघा."

सटवाजी शून्याच्या धाटापासून कमानीवरून चालू लागला. आरंभी प्रत्येक पावलाला तो रेघेपासून जवळजवळ पूर्ण पाऊलभर दूर जात होता. पुढे कमान वाकत गेली. शेवटच्या धाटांपाशी तर पाऊल पडत होते, पण रेघेपासूनचे अंतर बोटभरही वाढत नव्हते. आपला हिशोब कोठे चुकला ते त्याला पायाने कळले. उंचीचे वाटे सारखे असले, तरी कोनाचे वाटे सारखे नसतात.

मग त्याने दहा हातांत दोन हातांची दोरी ताणली. पाच हातांत एक हात म्हणजे तेच. दोरी अकराव्या आणि बाराव्या धाटाच्या मधोमध लागली.

"साडेअकरा," तो म्हणाला.

गुरुजींनी पुस्तक उघडून दाखवले: अकरा अंश बत्तीस कला. साठ कलांचा एक अंश. सटवाजीने ते स्वतः वाचले. अठराव्या धाटापासून रेघेपर्यंतचे अंतर मोजले, तर ते तीन हात आणि वर दोन बोटे भरले. पाखऱ्याला दोन हातांच्या जागी तीन हात चढावे लागले होते, तेही पाठमोरे.

गुरुजी सहज म्हणाले, "पुस्तकात या प्रश्नाला दुसरंही एक उत्तर असतं. कमान तशीच पलीकडे नेली तर तीच उंची पुन्हा येते, एकशे साडेअडुसष्ट अंशांवर. पण तुम्हाला त्याचा उपयोग नाही."

सटवाजी कमानीच्या पलीकडच्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिला. "उपेग काहून न्हाई? ही तर समोरची धाव! दुमोटी विहिरीवर दोन धावा एकमेकींकडं पाठ करून राहतात. उतार तोच, तोंड उलटं."

गुरुजींनी खिशातून पेन्सील काढून पुस्तकाच्या कडेला काहीतरी टिपून ठेवले.

सटवाजीला मात्र आता आनंद होण्याऐवजी संताप आला. "एवढंच व्हतं, गुरुजी? एका सकाळचं काम! ज्याला ठाऊक त्यानं पान उलटलं न्हाई, अन् ज्याला ठाऊक न्हाई त्याचा अंगठा घेतला. वर्षभर मी स्वतःला बैलाचा मारेकरी समजून भाकरी खाल्ली!"

त्याने धाटे उपटली नाहीत. विहीर गावाच्या ताब्यात देण्याच्या कागदावर पाटलांची सही घेण्यासाठी साहेब आठ दिवसांनी यायचा होता. तो आला तेव्हा सटवाजीने पाटलांना आणि साहेबाला हात जोडून खळ्यावर नेले. गावही मागे आले. भीमसिंग कडेला कुडाला टेकून उभा राहिला.

सटवाजीने दोरी ताणून दाखवली. मग म्हणाला, "साहेब, ह्ये माझं गावंढळ काम. तुमी खरं-खोटं करा. खिशातलं पुस्तक काढा. ज्या शून्य दशांश दोन. कोन वाचा."

साहेबाने आधी इकडेतिकडे पाहिले. नंतर पुस्तक काढले. पान सापडायला त्याला वेळ लागला नाही, आणि सगळ्यांना ते दिसले.

"ग्यारह... साढ़ेग्यारह."

साहेबाने पुस्तक मिटले. "मगर अंगूठा तो तेरा है."

"व्हय, माझा हाये. माझी चूक मी आज गावापुढं कबूल करून राहिलो. मला ठाऊक नव्हतं अन् मी बोललो. तुमाला ठाऊक व्हतं अन् तुमी बोलला न्हाईत. माझी कागदावर हाये, तुमचीबी लिवा. बराबर लिवा. म्या सही करतो, अंगठा न्हाई."

"वो कागज बंद हो गया."

"बैल मेल्यावर बंद झाला, साहेब. मरायच्या आधी उघडाच व्हता."

साहेबाने पाटलांपुढे सहीचा कागद धरला. उत्तमराव पाटील हे मोठ्या धैर्याचे गृहस्थ नव्हते. सरकारी माणसापुढे त्यांचा आवाज बारीक होत असे. त्यांनी कागद घेतला, घडी घातली आणि परत दिला. "धाव पाच हातांत एक झाल्याबिगर माझी सही न्हाई," ते म्हणाले. आवाज तेव्हाही बारीकच होता, पण ऐकू आला.

साहेब गेला तो परत आला नाही. धाव दुरुस्त करायलाही खात्याचे कोणी आले नाही. शेवटी गावानेच गाड्यांनी मुरूम आणून धावेचा तळ भरून काढला, आणि सटवाजीने ओळंबा धरला. जबाबाचा कागद होता तसाच राहिला. त्यात मिस्त्री सटवाजीची कसूर आजही लिहिलेली असेल. ज्यांनी ती लिहिली त्यांनी ती कधी खोडली नाही, आणि कोणी त्यांना खोडायला लावलीही नाही.

त्या दिवशी खळ्यावरून सगळे गेल्यावर भीमसिंग पुढे आला होता. त्याने अठरावे धाट उपटले, मोडून दोन तुकडे केले आणि तांड्याची वाट धरली होती.

पोळा आला. द्वारकाबाईने पुरण शिजवले, परंतु ती दारात गेली नाही. हलगी गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली. मग वाजत आत आली. सगळ्यांत पुढे भीमसिंग होता आणि त्याच्या हातात एकट्या हरण्याचा कासरा होता. त्याने दुसरा बैल अजून घेतला नव्हता. मागे गावचे बैल होते.

द्वारकाबाई ताट घेऊन लगबगीने बाहेर आली. तिने हरण्याला ओवाळले. मग ताट जरासे बाजूला सरकवून त्याच्या डाव्या अंगाला, जेथे पाखऱ्या उभा राहत असे, त्या रिकाम्या जागेलाही ओवाळले.

"वैनी, राहू द्या," भीमसिंग म्हणाला. मग सटवाजीकडे वळून म्हणाला, "दादा, धाव तुझी बराबर व्हती. जबान चुकली."

"त्यानं पाखऱ्या येत न्हाई, भिमा."

"न्हाई येत. गेरू हाये का घरात?"

"हाये. कशाला?"

"समदे बैल रंगवले. म्या हरण्याची पाठ कोरी ठिवली. तू लिव. तो आकडा लिव. कागद पेटीत बंद हाये म्हणतात ना? ह्यो गावभर हिंडल."

सटवाजी गेरूची वाटी घेऊन आला. हरण्या कातडी थरथरवीत होता, म्हणून भीमसिंगने त्याची मान धरली. सटवाजीने बोट बुडवले. अंगठ्याच्या शेजारचे बोट. आणि बैलाच्या पांढऱ्या अंगावर सावकाश, एकेक रेघ नीट ओढीत, मोठ्या आकड्यांत साडेअकरा लिहिले: ११॥.

"आता चल," तो म्हणाला. "चावडीपुढून ने आधी."